संगणक शाळेचा, पासवर्ड कुणाचा?

(पोस्ट मोठी आहे. पण शाळा व्यवस्थापन समितीवर कुणी असाल, मुख्याध्यापक असाल, नाहीतर घरात सातवी-आठवीतलं लेकरू असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधी घेतलेली शाळांमधली मशीनं कंपनीच्या हिशेबानं भंगारात निघाली. यावर आपल्या जिल्ह्यात कुणी चकार शब्द काढला नाही, कारण बऱ्याच शाळांच्या संगणक कक्षाला तसंही कुलूपच असतं.

बातमीच्या निमित्तानं मी शाळांमध्ये जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही, बिचाऱ्या सरांचा काही दोष नाही) धूळ खात पडलेल्या दहा मशीनांकडे बोट दाखवून मुख्याध्यापक म्हणाले, "मशीन आमची, पासवर्ड ठेकेदाराचा. ठेकेदार गेला, पासवर्डही गेला." मशीन सुरू होत होती. पण आत जायला पासवर्ड, नवं काही टाकायला पासवर्ड आणि सुरू होतानाच्या बायोसच्या निळ्या पडद्यालाही पासवर्ड.

हे कुलूप आलं कुठून आणि त्याची किल्ली जगात कुणी, कधी बनवली, याचा एक इतिहास आहे. आपल्याकडे तो कुणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

कुलूप कसं आलं

साधारण २००० नंतरचा काळ आठवा. जालन्यात बसस्थानकाच्या आसपास, गांधी चमन, मामा चौक, जागोजागी सायबर कॅफे निघाले होते. तासाला पंचवीस-तीस रुपये. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकारानं एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी आलं आणि कारकुनापासून गुरुजींपर्यंत सगळे माउस धरायला शिकले. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजना आली. पुढं ग्रामपंचायतीत 'संग्राम'चे संगणक आले. संगणक असा पहिल्यांदाच सार्वजनिक झाला. एसटी स्टँडवरच्या बाकड्यासारखा. सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही.

आणि बाकड्याचं होतं तेच त्याचंही झालं. कुणी गेम टाकले, कुणी वॉलपेपर बदलला, कुणाच्या पेनड्राइव्हमधून 'न्यू फोल्डर' नावाचा व्हायरस आला. ज्यांनी त्या काळात फोटो डेव्हलप करायला पेनड्राइव्ह दिला असेल त्यांना आठवेल, घरी येऊन बघावं तर फोटोंचे फोल्डर गायब, नुसते शॉर्टकट शिल्लक.

मग मालकांनी कुलूप लावलं. साध्या वापरकर्त्याला काहीच टाकता येणार नाही अशी सोय केली. अनेक कॅफेंत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये 'डीप फ्रीझ' आलं. फॅरोनिक्स या कॅनडातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९९ पासूनचं. दिवसभर तुम्ही मशीनमध्ये काहीही करा, रीस्टार्ट केलं की मशीन सकाळी होती तशी. पाटी पुसल्यासारखी. मालक खूश आणि त्याचं चुकीचंही काही नव्हतं. वीस मशीनं रोज कोण दुरुस्त करणार?

पण या कुलपात एक गोष्ट अडकली, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती म्हणजे मराठी.

तेव्हा बहुतेक ठिकाणी विंडोज एक्सपी होतं. एक्सपीत युनिकोड मराठी नीट दिसायची तर 'रीजनल' सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांसाठीच्या फाइली वेगळ्या टाकाव्या लागत. त्याला एक्सपीची सीडी लागे आणि ॲडमिनचा पासवर्ड लागे. कॅफेत बसणाऱ्याकडे दोन्ही नसे. त्यामुळं मराठी साइट उघडली की चौकोन तरी दिसायचे, नाहीतर वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. आम्हा बातमीदारांची गंमत तर वेगळीच. कार्यालयात श्रीलिपी, डीटीपीवाल्याकडे दुसराच फॉन्ट आणि कॅफेत कुठलाच नाही. फॉन्ट टाकावा म्हटलं तर 'परवानगी नाही' अशी इंग्रजीतली पाटी. जिल्ह्याची बातमी हातानं लिहून फॅक्स करणं सोपं वाटायचं, असे ते दिवस होते.

किल्ली कुणी बनवली

आता जरा जालन्याबाहेर जाऊ.

१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. वापरा, वाचा, बदला, वाटा, या चार मोकळिका त्यामागं होत्या. पण सुरुवातीला लिनक्स वापरायचं तर हार्ड डिस्कवर टाकावं लागे. डिस्कचे भाग पाडा, जुनं पुसलं जाण्याची भीती बाळगा. दुसऱ्याच्या मशीनवर हे शक्यच नव्हतं.

२००० मध्ये जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर या अभियंत्यानं 'क्नॉपिक्स' काढलं. त्याला हवं होतं एवढंच, की लॅपटॉप न नेता फक्त सीडी खिशात टाकून जावं आणि समोर जी मशीन असेल तिच्यावर आपलं सगळं चालावं. सीडीत मावतं ७०० एमबी. त्यानं सॉफ्टवेअर दाबून भरलं आणि चालताना लागेल तेवढंच उलगडेल अशी सोय केली, म्हणून त्यात जवळपास २ जीबीचा ऐवज बसला. मशीनमध्ये कुठलं साउंड कार्ड, कुठलं नेटवर्क कार्ड आहे हे क्नॉपिक्स स्वतःच ओळखायचं. याला 'लाइव्ह सीडी' म्हणू लागले. अशी धडपड आधीही झाली होती, पण सामान्य माणसाच्या हातात ती खरी आली ती इथं. (पुढं याच क्नॉपरनं दृष्टिहीन असलेल्या आपल्या पत्नीच्या गरजेतून, बोलून दाखवणारा डेस्कटॉप क्नॉपिक्समध्ये आणला. 'ॲड्रिएन' हे तिचंच नाव त्याला आहे.)

हे चालतं कसं, ते साध्या भाषेत सांगतो. मशीनचं बटण दाबलं की पहिल्यांदा बायोस जागं होतं. आधी कुठं बघायचं, हार्ड डिस्क, सीडी की पेनड्राइव्ह, याचा क्रम त्याच्याकडे असतो. सीडी पहिली असेल तर विंडोज उठतच नाही. सीडीतलं लिनक्स उठतं आणि आपला पसारा रॅममध्ये मांडतं. हार्ड डिस्कला हात लावायची त्याला गरज नसते. काम झालं, मशीन बंद केली की रॅम रिकामी. विंडोजला पत्ताही नाही की मध्ये कुणी येऊन गेलं. एखादा पाहुणा स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन यावा, रात्रभर मुक्काम करावा आणि सकाळी खोली झाडून निघून जावा, तसं.

गंमत बघा. डीप फ्रीझ आणि लाइव्ह सीडी, दोघांचा गुण एकच, सगळं विसरून जाणं. फरक एवढाच की तिथं काय विसरायचं ते मालक ठरवतो आणि इथं वापरणारा.

जालन्यापर्यंत

आपल्या देशात १९९६ मध्ये अतुल चिटणीस यांच्या पुढाकारानं 'पीसीक्वेस्ट'नं मासिकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्या काळात डायल-अपवरून ७०० एमबी उतरवणं म्हणजे आठवड्याचं काम, मध्येच फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मासिकाची सीडी हाच रस्ता. २००३ पासून 'लिनक्स फॉर यू' निघालं, त्यातही सीडी असे. २००४ मध्ये उबुंटू आलं आणि त्यांनी कमालच केली. इंटरनेटवर पत्ता भरला की परदेशातून सीडी पोस्टानं घरपोच, एक पैसा नाही. 'शिपइट' नावाची ही योजना २०११ पर्यंत चालली. पोस्टमन ते पाकीट घेऊन आला की गल्लीत चर्चा व्हायची.

२००८ च्या उबुंटूवर मराठी बऱ्यापैकी दिसायची. रेड हॅटनं खुल्या केलेल्या 'लोहित' फॉन्टमुळं देवनागरी लिनक्ससोबतच यायची, वेगळं काही टाकायला नको. मी एका ओळखीच्या कॅफेत मालकाला विचारून ती सीडी लावली. तो मागं उभा. "काय करायलेत सर? मशीन बंद पाडता का?" पडदा उजळला, कॅफेचा घड्याळवाला प्रोग्राम दिसेना, तसा तो आणखी घाबरला. कारण पैसे मोजणारा प्रोग्राम विंडोजमध्ये आणि विंडोज तर झोपलेलं. शेवटी म्हणाला, "चालू द्या, पण टाइम मी भिंतीवरच्या घड्याळावर लावतो." त्या दिवशी कॅफेच्या मशीनवरून मी सरळ मराठीत मेल पाठवला. २५६ एमबी रॅमच्या मशीनवर तेच उबुंटू गोगलगाय व्हायचं, तिथं 'पपी लिनक्स' लावावं लागे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलरनं २००३ मध्ये काढलेलं पपी आकारानं इतकं लहान की अख्खं रॅममध्येच जाऊन बसायचं.

मालकाची बाजू

इथं थांबून एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. 'खिशात पेनड्राइव्ह घ्या आणि कुठंही घुसवा' असं मी म्हणत नाहीये.

एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले. ओळखपत्र बघा, वहीत नोंद करा, ती नोंद किमान वर्षभर ठेवा, कोणत्या साइट बघितल्या त्याचा लॉग ठेवा, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. आता कुणी स्वतःची सिस्टिम चालवून गेला तर मशीनवरच्या नोंदी अपुऱ्या आणि पोलीस आले तर जाब मालकाला. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ स्पष्ट आहे. मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं चालत नाही. मग तुम्ही आत काही बिघडवलं नाही तरी. शाळेतल्या पोरांनाही हेच सांगायला हवं, सरांना विचारून.

म्हणजे प्रश्न परवानगीचा आहे. आणि परवानगी द्यायची असली तरी ती द्यायला माणूस जागेवर पाहिजे. कॅफेत तो मागं उभा होता. त्या शाळेत तो कुठं आहे?

शाळेत हे कुणी केलंय का?

केलंय, आणि महाराष्ट्रातच. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाला केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये नकार दिला होता. तरी सप्टेंबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात नावाच्या छोट्या वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत त्याचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. वीस-बावीस लेकरं, प्रत्येकाला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. आत लिनक्स, वर 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा पडदा. लॅपटॉप मुलं घरी न्यायची.

त्या लॅपटॉपलाही कुलूप होतं बरं का. चोरीला आळा बसावा म्हणून केलेलं. पण ज्याला आतली सिस्टिम बदलायची आहे त्यानं रीतसर मागितली तर त्या लॅपटॉपपुरती किल्ली देण्याची सोय मूळ आराखड्यातच होती. कुलूप ठेवायचं, पण किल्ली कशी मिळेल हे आधीच लिहून ठेवायचं. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातून आपण शिकायचं ते एवढंच.

प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणं महाग, हे लवकरच कळलं. मग वॉल्टर बेंडर यांच्या 'शुगर लॅब्स'नं जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' काढलं. १ जीबीच्या पेनड्राइव्हवर तोच शुगर. मशीन शाळेची, जुनी असली तरी चालेल. मुलाची चित्रं, त्याचे निबंध, त्याची डायरी पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह दप्तरात. उद्या दुसऱ्या मशीनवर बसलं तरी काम पुढं चालू. पालावरचं, ऊसतोडीला जाणारं, सहा महिन्यांत शाळा बदलणारं लेकरू डोळ्यांपुढं आणा. आपल्या जिल्ह्यात त्यांची कमी नाही. त्याची वही त्याच्यासोबत जाते, मग त्याचं संगणकावरचं काम का जाऊ नये?

मोठ्या प्रमाणावर कुणी केलं असेल तर केरळनं. २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. शिकवायला एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर का, असं तिथल्या शिक्षक संघटनांनी विचारलं आणि काही वर्षांत शाळांमधलं संगणक शिक्षण, दहावीच्या आयटी परीक्षेसह, लिनक्सवर गेलं. तिथं पेनड्राइव्हचीही गरज पडली नाही, कारण सरकारनंच लिनक्स मशीनमध्ये टाकून दिलं आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिलं.

आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय शालेय आयसीटी धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्या असं लिहिलेलं आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं स्वतःच्या कार्यालयांसाठीही तसं धोरण काढलं. कागद आहेत. लॅब मात्र 'बूट' पद्धतीनं उभ्या राहिल्या. म्हणजे ठेकेदारानं लॅब उभारायची, काही वर्षं चालवायची आणि मुदत संपली की शाळेला हस्तांतर करायची. मुदती संपल्या, कंत्राटी संगणक शिक्षक घरी बसले, त्यांनी मुंबईत आंदोलनं केली. पेपरला बातम्या आल्या, आम्हीही दिल्या. पासवर्डचं काय झालं, हे आम्हा पत्रकारांपैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसरं कुलूप

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' आलं. ज्या सिस्टिमवर ओळखीची सही आहे तीच उठेल, असा बंदोबस्त. हेतू चांगला, बूट होतानाच घुसणारे व्हायरस रोखणं. पण सही मायक्रोसॉफ्टची. उबुंटू, फेडोरासारख्या मोठ्या लिनक्सनी ती सही मिळवली, म्हणून ती आजही अशा मशीनवर चालतात. लहान-सहान लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं. ते बंद करायला बायोसमध्ये जावं लागतं, आणि तिथं पुन्हा तोच ठेकेदाराचा पासवर्ड!

आता काय करायचं

मला जे सुचतं ते लिहितो.

एक. लॅबच्या हस्तांतराचे कागद काढा. त्यात मशीन, बॅटरी, खुर्च्या मोजलेल्या असतील. पासवर्ड लिहून घेतलेत का बघा. घर ताब्यात दिलं आणि किल्ली ठेवून घेतली, याला हस्तांतर म्हणत नाहीत. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार २००५ आहेच. दहा रुपयांचा अर्ज.

दोन. पासवर्ड मिळाला की १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती, २ जीबी असेल तर त्याहून हलकं लुबुंटू किंवा अँटीएक्स. आधी फक्त लाइव्ह चालवून बघा. पडदा, आवाज, नेट चालतंय का? हार्ड डिस्कला धक्का न लावता हे कळतं. नाही चाललं तर पेनड्राइव्ह काढा, मशीन होती तशी.

तीन. चाललं तर लिबरऑफिस, जिओजिब्रा, टक्स पेंट, जीकॉम्प्रिस सगळं फुकट आहे. शिकवायला कुणी नाही म्हणाल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

अडचणीही सांगतो, नाहीतर उद्या मलाच फोन येतील. पेनड्राइव्हवरून सिस्टिम हळू चालते आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह वर्षभरात मान टाकतो. काही जुने प्रिंटर आणि बायोमेट्रिक यंत्रं लिनक्सवर रुसतात, म्हणून सेवा केंद्राच्या मशीनला हात लावू नका. लाइव्हमध्ये केलेलं काम वेगळी जागा राखून साठवलं नाही तर लाइट गेली की ते गेलं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणही सांगू शकत नाही. पुढं नोकरीत विंडोजच लागेल असं पालक म्हणतात, तेही खोटं नाही. पण ज्या पोरानं दोन सिस्टिम हाताळल्या त्याला तिसरीची भीती वाटत नाही. आणि आज ते शून्य सिस्टिम हाताळतंय, हे विसरू नका.

जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यानंच आलेली आहे आणि तिच्यात बहुसंख्य सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत पोषण आहार, गळकं छत, रंगरंगोटी हे विषय होतीलच. त्यानंतर एकच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: "आपल्या संगणकांचा बायोस पासवर्ड कुणाकडे आहे?"

काय उत्तर मिळतं ते मला कळवा. त्याची बातमी मी करतो.